थाप द्या, पुस्तक न्या

आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या केणी काकांकडून गोष्टीचं पुस्तक हवं असेल, तर आधी त्यांना एक थाप मारावी लागते. तीही नवी कोरी, दुसऱ्या कुणाला न मारलेली. बदलापूरला राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मला हे कळलं, तेव्हा वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. थट्टा कसली, सोसायटीतली अर्धी पोरं त्याच्या दारात रांग लावून खोटं बोलत होती!

काकांची सगळी नोकरी उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या कापडाच्या दुकानात गेली. रिटायर झाले, पण बोटं अजून कापडाच्या ताग्यावरच. मुलाने थाप मारली की अंगठा आणि बोट एकमेकांवर घासायचे, डोळे बारीक करायचे आणि शेठच्या सुरात म्हणायचं, "साईं, पोत बघू दे." मग ती थाप दोन्हीकडून ताणायची, म्हणजे प्रश्न विचारायचे. टिकली तर पुस्तक हातात. नाहीतर, "विरळ आहे. उद्या घट्ट विणून आण."

माझी मुक्ता दहा वर्षांची. एकदा तिला दारात बोलताना मी माझ्या कानांनी ऐकलं.

"काका, आज आमच्या गच्चीवर कुणीतरी ढग वाळत घातला होता."

"चिमटे किती लावलेले?"

"चार."

"ओल्या ढगाला चार? उडाला असता."

"म्हणूनच तर मी वर बसून राहिले ना!"

काकांनी बोटं घासली, मान डोलावली आणि उडत्या शहराचं एक जाडजूड पुस्तक तिच्या हातात ठेवलं. मुक्ता काय हसली! घरात असं हसताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. मला काय वाटलं, विचारू नका. हेवा हो, दुसरं काय. लिहून टाकते एकदाचं.

कारण गोष्टींचं खातं आमच्या घरात माझं. मी अंबरनाथ पूर्वेला शाळेत इतिहास शिकवते. मुक्तासाठी मी थोरामोठ्यांच्या चरित्रांचं एक अख्खं कपाट केलंय. प्रत्येक पुस्तक वाचून झालं की पाच ओळी बोध लिहायचा, हा माझा नियम. परी, राक्षस, बोलणारे घोडे, असल्या भाकडकथा मुलांच्या डोक्यात भरून काय मिळतं? खऱ्या माणसांनी खरे कष्ट केले, ते नको का वाचायला?

हे मी काकांना जिन्यात गाठून सुनावलं होतं. ते पिशवीतली मेथी सावरत म्हणाले, "चरित्र भारी कापड, मॅडम. लग्नाकार्याचं. रोज घालून पोराला घाम येतो."

"आणि तुमचं?"

"आपलं मलमल. हवा खेळते."

मी तरातरा जिना चढले. घरी येऊन मुक्ताची बोधाची वही काढली. अकरा पुस्तकं वाचून झाली होती आणि अकराही ठिकाणी तेच, 'कष्टाला पर्याय नाही.' शब्दही तेच, स्वल्पविरामही तिथेच. इतके दिवस मी त्याखाली लाल पेनाने 'छान' लिहीत होते, बाई!

मग मी हट्टाला पेटले. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला की गणपतीत मुलांसाठी 'माझा आदर्श' भाषणस्पर्धा घेऊ. सगळ्यांनी होकाराचे अंगठे टाकले. परीक्षक कोण, तर कुणीतरी लगेच केणी काकांचं नाव सुचवलं. म्हटलं, उत्तम! त्यांच्या नाकावर टिच्चून माझी लेक चरित्र सांगेल. भाषण मी लिहिलं. एका शूर राणीचं, सनावळ्यांसकट. महिनाभर घोकून घेतलं.

स्पर्धेच्या दिवशी मुक्ता नऊवारीत उभी राहिली. पहिले दोन परिच्छेद खडाखड. मी पहिल्या रांगेत, ओठ हलवत. आणि तिसऱ्या परिच्छेदाला, राणी तटावरून उडी घेणार तेवढ्यात, ही बया थांबली. सभामंडपाकडे बघितलं आणि म्हणाली, "तेव्हा तिचा घोडा तिला म्हणाला, बाईसाहेब, डोळे मिटा, मला पण भीती वाटतेय."

माझ्या कागदावर घोडा बोलत नव्हता हो! पुढे तर तो राणीला पाणीही मागत होता. मागच्या रांगेतल्या आज्यांनी डोळ्यांना पदर लावले. टाळ्या थांबेचनात. काकांनी तिला पहिला नंबर दिला, आणि बक्षीस घेऊन ती आधी कुणाकडे धावली? त्यांच्याकडे.

मी दुसऱ्या दिवशी शाळेतून आले ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून काकांच्या दारात. "माझ्या मुलीला तुम्ही खोटं बोलायला शिकवलंत," मी म्हटलं. "सख्खी आई मी, आणि ती सगळं येऊन तुम्हाला सांगते. मला बघवत नाही!"

शेवटचं वाक्य बोलायचं नव्हतं. निघून गेलं.

काकांनी आत बोलावलं, सरबत केलं. साखर जास्त पडली होती. मग हळूच म्हणाले, "आमच्या मुलाला, मिलिंदला मी चरित्रंच दिली, मॅडम. दुसरं पुस्तक घरात येऊ दिलं नाही. भिंतीवर सगळे थोर पुरुष. मार्क कमी पडले की त्यांच्यापुढे उभा करायचो, यांच्याकडे बघ म्हणायचो."

मी ग्लास खाली ठेवला.

"बारावीला नापास झाला. आठ दिवस डबा घेऊन घराबाहेर पडत होता. कॉलेजात प्रवेश मिळाला, म्हणे. इतकी फुसकी थाप, नुसत्या फुंकरीने फाटावी. मी पाहुण्यांसमोर टराटरा फाडली. त्याला खरं सांगायची सोय मी ठेवलीच नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. आता नाशकात असतो. दिवाळीला फोन येतो. म्हणतो, सगळं छान चाललंय. मी ताणून बघत नाही."

त्यांनी माझा ग्लास पुन्हा भरला. मग म्हणाले, "तुमच्या मुक्ताचीही एक थाप मी ताणली नाही. मागच्याच आठवड्यातली. म्हणाली, माझी आई रोज जेवताना मला गोष्ट सांगते. पुस्तकातली नाही, स्वतःची."

"मग?"

"मग काय. म्हटलं, तुझी आई छानच सांगत असेल. आणि पुस्तक दिलं."

मी उठले. आभार मानायचेही राहिले.

घरी मुक्ता ताटावर बसली होती, मान खाली घालून. काल आईचं भाषण बदललं म्हणून आता ओरडा बसणार, असा चेहरा. मी माझं ताट घेऊन शेजारी बसले. पन्नास-पन्नास मुलांपुढे तास घेते मी, पण तेव्हा नुसता भात कालवत राहिले.

"एक राणी होती," मी म्हटलं.

मुक्ताने घास तसाच हातात धरला. "कोणत्या सालातली?"

"माहीत नाही गं," मी म्हटलं. ती पाटासकट सरकून मला चिकटून बसली.