शेवटून दुसरा

कार्यक्रम लांबवायचा असेल तर मला बोलवा. आटोपणारे गल्लोगल्ली मिळतात. पण पाचला संपणारी सभा दिवे लागेपर्यंत ओढायची आणि वर माणसांकडून 'छान झालं' असं वदवून घ्यायचं, हे येरागबाळ्याचं काम नाही! मी नोकरीभर कारखान्याच्या स्टोअरमध्ये होतो. आत आलेला माल सहजासहजी बाहेर सोडायचा नाही, ही माझी तालीम. निवृत्त झालो आणि मालाच्या जागी माणसं आली, एवढाच फरक. म्हणजे, येत नाहीत हा भाग वेगळा. बायको गेल्यापासून घरात बोलणारा एक फ्रिजच. तोही थोडा वेळ घरघरतो आणि काहीतरी आठवल्यासारखा गप्प होतो.

त्यामुळे शाळेतले आमचे खेळाचे सर गेल्याचं कळलं तेव्हा वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण खोटं कशाला बोलू, वाईट वाटून झाल्यावर लगेच मनात आलं ते हेच, की आता वर्ग जमेल.

जमवला. फोन करकरून जमवला. शनिवारी दुपारी शाळेचं मैदान मिळवलं, खुर्च्या मांडल्या, मधोमध काकूंना बसवलं. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. शिपायानं फाटक उघडून दिलं आणि झालं की हाक मारा, कुलूप लावतो, म्हणाला. मी मनात म्हटलं, बाबा रे, सावकाश झोप काढ.

बेत पक्का होता. प्रत्येकानं सरांची आठवण सांगायची, चहा मुद्दाम उशिरा आणायचा आणि सगळ्यांचा फोटो चहानंतर काढायचा. फोटोत आल्याशिवाय माणूस जागचा हलत नाही, हे माझं निरीक्षण आहे.

पहिला उठला हरीण. शाळेत वाऱ्यासारखा पळायचा, म्हणून हरीण. आता त्याचा ट्रकांचा धंदा आहे आणि एखादा ट्रक त्यानं अंगावरच रिकामा करून घेतल्यासारखा दिसतो. सर त्याला म्हणाले होते की तुझ्यासारखा पळणारा मी आजवर पाहिला नाही. त्याच्यामागून जो उठला त्यालाही सर हेच म्हणाले होते. तिसऱ्यानं तोंड उघडलं तेव्हा पहिले दोघं त्याच्याकडे असे बघायला लागले, जसे एकाच सीटचं तिकीट हातात असलेले प्रवासी!

काकूंनी सोडवणूक केली. "ते सगळ्यांनाच म्हणायचे हो. स्वतः मात्र कधी पळाले नाहीत. डोळ्यांदेखत बस सुटली तरी म्हणायचे, जाऊ दे गं, दुसरी येईल."

सगळे पोट धरून हसले. मग डोळे पुसले. मग सरांची शिट्टी, सरांची टोपी, पाय मुरगळलेल्या पोराला खांद्यावर घेऊन त्याच्या घरी पोचवणारे सर, असं सगळं निघालं. मी कान टवकारून बसलो होतो. इतक्या जणांचे आवाज एकाच वेळी ऐकून मला किती दिवस झाले होते ते विचारू नका.

पण नशीबच फुटकं! हरणाच्या ड्रायव्हरनं कोणी न सांगता चहाची किटली आधीच आणून ठेवली. चहा बघताच कोणीतरी म्हणालं, कपडे डागाळण्याआधी फोटो घ्या. फोटो झाला, चहा झाला, आणि घड्याळ उठला. घड्याळ हा आमचा डेंटिस्ट. शाळेतही घंटेआधी दप्तर भरून तयार असायचा. त्याला संध्याकाळचे पेशंट होते. एक उठला की बाकीच्यांच्या पायांना मुंग्या येतात. कोणाला नातवाला क्लासहून आणायचं, कोणाच्या घरी पाव्हणे, कोणाची बायको बाहेर गाडीत बसलेली. बघता बघता माझं गोदाम रिकामं व्हायला लागलं.

तेव्हा मी हुकमाचं पान टाकलं. म्हटलं, "सरांची फेरी न मारताच जायचं?"

सगळे जागच्या जागी थिजले. तुम्हाला माहीत असणार नाही म्हणून सांगतो. खेळाच्या तासाच्या शेवटी सर सगळ्यांना मैदानाभोवती एक फेरी मारायला लावायचे. नियम एकच. शेवटचा पोरगा परत आल्याशिवाय मैदान सुटायचं नाही. पहिला आलेला कितीही मोठा हरीण असो, त्यानं तिथेच उभं राहायचं. सर म्हणायचे, पहिल्यासाठी सगळं जग थांबतं, आपण शेवटच्यासाठी थांबू.

घड्याळ पुटपुटला की पेशंट ताटकळतील. काकू म्हणाल्या, "राहू द्या हो. आता वयं झाली तुमची."

बस्स! एवढं पुरलं. हरणानं कोट काढून खुर्चीवर फेकला आणि वय कोणाचं झालंय ते बघूच म्हणाला. बाकीच्यांना मग मागे राहता येईना. मीही खिशातला फोन काढून खुर्चीवर ठेवला आणि रांगेत उभा राहिलो. माझा हिशेब चोख होता. शेवटचा यायचं आणि शेवटचा येताना घाई करायची नाही. नियम सरांचा, तोही काकूंसमोर. कोणाची जायची छाती आहे!

इथे एक गोष्ट नम्रपणे नोंदवतो. शाळेत मी कधीही शेवटचा आलो नव्हतो. पोरं मला पोतं म्हणायची, पण पोतं झालं तरी ते कायम शेवटून दुसरं यायचं. शेवटचा यायचा मुका. मुका म्हणजे मुका नव्हे, फक्त कमी बोलायचा. आता शिलाई मशिनं दुरुस्त करतो. तो आला होता, मागच्या खुर्चीत बसला होता, आणि त्यानं आठवण सांगितली नव्हती.

काकूंनी टाळी वाजवली आणि वर्ग सुटला. हरीण पहिल्या कोपऱ्यापर्यंत पळाला, मग चालला, मग कमरेवर हात ठेवून तत्त्वज्ञ झाला. तरी सगळे माझ्या पुढेच होते. मैदानाच्या पलीकडे आता नवी इमारत झाली आहे. फेरी तिच्या मागून जाते, आणि तिथे गेलं की खुर्च्यांवरून काही दिसत नाही. तिथे पोचल्यावर मी ऐटीत चालायला लागलो. मागे वळून बघितलं, तर मुका!

मी आणखी हळू झालो. तोही हळू झाला. मी वाकून बुटाची नाडी बांधली. तो भिंतीवरचा पाण्याचा नळ न्याहाळत उभा राहिला. नाडी किती वेळ बांधणार? मी दुसऱ्या बुटाची सोडून पुन्हा बांधली. त्यानं नळ बंद आहे ना ते तपासलं. गोगलगायीनं बघितलं असतं तर तिनं हॉर्न वाजवला असता!

मी म्हटलं, हो पुढे. तो म्हणाला, तू हो. माझा गुडघा दुखतोय, मी सांगितलं. मग बस जरा, तो म्हणाला, आणि इमारतीमागे मोडक्या बाकांचा ढीग होता त्यावर आम्ही दोघं बसलो.

माणूस ओळखण्यात मी सहसा चुकत नाही. मी मुक्याकडे बघून जमाखर्च मांडला. शर्टाचं बटण तुटलेलं, घरी जायची घाई नाही, तोंडात शब्द नाही. म्हणजे याच्याही घरी फ्रिजच बोलत असणार! मला एकदम त्याची माया आली. एवढ्या वर्षांत शेजारी बसायला माणूस मिळाला तोही माझ्यासारखाच. मी त्याला बायको गेल्याचं सांगितलं, मुलगी परगावी असते, दर रविवारी फोन करते ते सांगितलं. तो ऐकत राहिला. शेवटी मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं की लाजू नकोस, तुलाही घरी जायचं नाही ना?

"जायचंय की," तो म्हणाला. "तू ऊठ, म्हणजे मी जातो."

"मग पुढे का होत नाहीस?"

मग त्यानं एका दमात जेवढं सांगितलं, तेवढं तो सगळ्या शाळेत मिळून बोलला नसेल.

"पहिल्या दिवशी तू शेवटचा आला होतास. पोरं हसली. दुसऱ्या दिवशी तू मैदानावर आलाच नाहीस, कुंपणाबाहेर बसलास. तेव्हा सर मला बाजूला घेऊन म्हणाले, या पोराच्या मागे कोणीतरी असायला हवं. तू राहा."

"आणि तू राहिलास?"

"शाळा सुटेपर्यंत."

"तुला पळता येत होतं?"

"हरणापेक्षा थोडं बरं."

तो पहिला दिवस मी माझ्या खात्यातून केव्हाच काढून टाकला होता. म्हटलं, अरे लेका, पण शाळा संपली, जग उलटंपालटं झालं, सर गेले. आज कशाला?

तो म्हणाला, "पुरे असं सर कधी म्हणालेच नाहीत."

आता आली का पंचाईत! मला शेवटचं व्हायचं होतं आणि याला मला शेवटचं होऊ द्यायचं नव्हतं. मी म्हटलं, मग दोघं जोडीनं जाऊ. त्यानं विचार करून विचारलं की जोडीनं गेलो तर शेवटचा कोण, आणि शेवटचाच नसेल तर मैदान सुटणार कसं? प्रश्न रास्त होता. आम्ही त्यावर बराच वेळ बसून राहिलो. मला तर मुळीच घाई नव्हती.

तिकडे मैदानावर मात्र आकाश कोसळलं होतं! पोतं आणि मुका दोघंही इमारतीमागे गेले ते आलेच नाहीत, म्हणजे एक पडला आणि दुसरा त्याला उचलताना पडला, असं हरणानं जाहीर केलं. घड्याळानं रुग्णवाहिकेला फोन केला. कोणीतरी खुर्चीवरचा माझा फोन उचलून 'मुलगी' लिहिलेला नंबर लावला आणि तिला सांगितलं की घाबरू नकोस, तुझे बाबा पळत गेलेत आणि सापडत नाहीयेत. अशा निरोपाला न घाबरणारी मुलगी अजून जन्मायची आहे!

हरीण आम्हाला शोधायला धावत आला. तो दिवसभरात खरा पळाला तो तेव्हाच. आम्ही दोघं बाकांवर धडधाकट बसलेले बघून त्याला बोलायचं होतं बरंच, पण दम पुरेना. तो भिंतीला टेकला, आणि मी अन् मुक्यानं त्याला दोन्हीकडून धरून आणलं. रुग्णवाहिका फाटकात उभीच होती. आत आलेल्या माणसांनी पेशंट कोण म्हणून विचारलं. घड्याळानं माझ्याकडे बोट दाखवलं, मी मुक्याकडे दाखवलं, आणि रक्तदाब निघाला हरणाचा! त्याला आडवं करून तासभर हलायचं नाही म्हणून बजावलं. मला हेवा वाटला, खोटं नाही सांगत.

काकू मात्र फेरी जिथून सुटली होती त्या रेघेपाशीच उभ्या होत्या. "तुम्ही दोघं राहिलात ना अजून?" त्या म्हणाल्या. "या बघू आत. शेवटचा कोण आहे?"

मी मुक्याकडे बघितलं. तो माझ्या मागे एक पाऊल उभा होता, हात मागे बांधून, जसा शाळेत उभा राहायचा. मी रेघ ओलांडली. मागचा मागे का आहे हे ठाऊक असताना आयुष्यात प्रथमच ओलांडली. मग तो आला.

काकूंनी मैदान सुटलं म्हणताच ते असं सुटलं की मी 'थांबा' म्हणेपर्यंत घड्याळाच्या गाडीचे दिवे वळणावर दिसत होते. फोन वाजला. मुलगी होती.

"बाबा, बरे आहात ना?"

"अगदी बरा आहे. अगं, आज काय गंमत झाली..."

"पळू नका हो असे. जीव गेला माझा. उद्या रविवार आहेच, तेव्हा बोलू निवांत."

मुक्याला न्यायला दोन सुना, एक मुलगा आणि मागच्या सीटवर कोणाकोणाची पोरं, अशी गच्च भरलेली गाडी आली. बटण कुठे तोडलंत म्हणून थोरल्या सुनेनं त्याला सगळ्यांदेखत विचारलं. जाताना त्यानं काच खाली केली आणि पुढच्या वर्षी जरा लवकर आटप, घरी ओरडतात, एवढं सांगितलं. काकूंना हरणाच्या ड्रायव्हरनं नेलं. हरीणही उठून घरी गेला, तासभर पडून राहायचं सोडून.

राहिलो मी आणि कुलूप घेऊन आलेला शिपाई. त्यानं विचारलं, "काका, तुम्हाला न्यायला कोण येतंय?"

"येताहेत. निघालेत घरून," मी म्हटलं.

त्यानं कुलूप खिशात घातलं आणि शेजारच्या खुर्चीत बसला. चांगला माणूस निघाला. त्याच्या मुलीचं शिक्षण, मुख्याध्यापकांचा स्वभाव, नव्या इमारतीचं गळकं छप्पर, सगळं त्यानं मोकळेपणानं सांगितलं. अंधार पडला तशी त्याची चुळबुळ सुरू झाली. कुठपर्यंत आलेत, त्यानं विचारलं. मी म्हटलं, रस्त्यात गर्दी असेल. आम्ही दोघांनीही फाटकाबाहेर बघितलं. रस्ता पार दूरपर्यंत दिसत होता, आणि त्यावर चिटपाखरूही नव्हतं.

तो उठला. फाटकाला कुलूप लावलं, स्कूटर सुरू केली आणि बसा मागे, सोडतो, म्हणाला.

आता तुम्हाला मघाशी सांगायचं राहिलं ते सांगतो. माझं घर शाळेच्या कुंपणाला लागूनच आहे. स्कूटरला किक मारायचीसुद्धा गरज नव्हती. पण तो एवढ्या आपुलकीनं थांबलेला, त्याला हे सांगायचं कसं? मी त्याला पार दुसऱ्या टोकाचा एक पत्ता दिला. वाटभर छान गप्पा झाल्या. त्यानं मला एका अनोळखी फाटकाशी उतरवलं, आणि मी आत शिरेपर्यंत तो स्कूटरचा दिवा धरून उभा राहिला, त्यामुळे मला आत शिरावं लागलं. तिथल्या कुत्र्याशी माझं जे झालं ते राहू द्या.

तिथून घरी चालत आलो. गुडघा खरोखरच दुखावलाय. कोणी विचारलं तर सरांच्या फेरीत दुखावला म्हणून सांगणार आहे. अजून कोणी विचारलेलं नाही.