ठराव क्रमांक एकशे चौदा आणि मेव्हिसबाईंचा बॉयलर

फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी सव्वानऊच्या सुमारास, क्लॅगथॉर्प गावच्या मेव्हिस हार्डकासलबाईंच्या स्वयंपाकघरातला बॉयलर निवर्तला. वय वर्षे एकतीस. शेवटी थोडा खोकला झाला, दोन उचक्या लागल्या आणि घर उबदार ठेवणारे सगळे रेडिएटर थंड पडले. मेव्हिसबाईंचं वय शहात्तर. शाळेच्या स्वयंपाकघरात अठ्ठावीस वर्षं पोरांना कस्टर्ड वाढून निवृत्त झालेल्या. नवऱ्याच्या जाण्याला सहा वर्षं झालेली. पेन्शनमध्ये चहा, पाव आणि मांजर एवढंच जेमतेम बसे. त्यात नवा बॉयलर बसणं शक्यच नव्हतं, आणि बाहेर तर बर्फ पडत होता.

यात काळजीचं काही कारण नव्हतं. क्लॅगथॉर्प नगर परिषदेकडे ‘ऊब निधी’ नावाची योजना होती. ज्यांना परवडत नाही त्यांना नवा बॉयलर फुकट. अर्ज करायचा, परिषद तपासणार, बॉयलर येणार. इतकं सोपं काम कुठल्याही परिषदेला सहन होत नाही, तसं ते याही परिषदेला झालं नाही.

अडचण अशी होती की अर्जात उत्पन्नाचा आकडा विचारलेला होता. आता इंग्रज माणूस अनोळखी बाईला आपल्या मूळव्याधीचा साद्यंत इतिहास बसथांब्यावर ऐकवेल, पण पगार सांगायचा म्हटलं की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. तसं बघितलं तर पैशाला या लोकांनी नावं काय कमी दिलीत? पौंडाला क्विड म्हणतील, पाचाच्या नोटेला फायव्हर, दहाच्या नोटेला टेनर. लहर आली तर पैशाला पाव म्हणतील, नाहीतर सरळ मळलेली कणीक. खिसा रिकामा असेल तर ब्रोक, अगदीच खडखडाट असेल तर स्किंट. लाडक्या नातवालाही एवढी नावं कुणी ठेवत नाही. पण यातले तुझ्याकडे किती आहेत, असं विचारलं की समोरचा लगेच हवामानावर येतो.

तेव्हा योजनेच्या पहिल्या वर्षभरात ऊब निधीकडे एकही अर्ज पुरा भरून आला नव्हता. परिषदेने सल्लागार नेमले. सल्लागारांनी आठ महिने अभ्यास केला आणि त्यातून ठराव क्रमांक एकशे चौदा जन्माला आला. यापुढे कुणालाही आकडा विचारायचा नाही. तो अशिष्टपणा ठरेल. अर्जदाराशी चहा पिता पिता सहज गप्पा मारायच्या, आणि आपल्या परिस्थितीबद्दल तो आपणहून जो शब्द वापरेल तो नोंदवायचा. प्रत्येक शब्दाला पायरी ठरलेली. ‘पैशात लोळतोय’ म्हणणारा पहिल्या पायरीवर. ‘खाऊनपिऊन सुखी’ तिसऱ्या, ‘भागतंय’ चौथ्या, ‘कसंबसं भागतंय’ सहाव्या, ‘ब्रोक’ आठव्या आणि ‘स्किंट’ नवव्या. सहाव्या पायरीपासून पुढे बॉयलर. बँकेचं पुस्तक दाखवायला सक्त मनाई, कारण त्यात आकडे असतात आणि ते बघून कारकुनाला अवघडल्यासारखं होतं.

मेव्हिसबाईंनी अर्ज टाकला, आणि त्यांच्या घरी तपासणीला श्री. नायजेल प्रेंडरगास्ट आले. पद: कनिष्ठ परिभाषा अधिकारी. माणूस सज्जन, पण हातात फॉर्म. मेव्हिसबाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या अंगावर ओव्हरकोट होता, गळ्यात मफलर आणि हातात लोकरी मोजे.

“बाहेर निघालात वाटतं, मिसेस हार्डकासल?”

“छे, छे! आत्ताच आले. बसा ना.”

घरात बोलताना दोघांच्याही तोंडातून वाफ निघत होती. प्रेंडरगास्टांना ती दिसत होती. पण फॉर्मात वाफेचा रकाना नव्हता. बाईंनी चहा दिला, आणि पाहुणा आलाय म्हणून नाताळपासून जपून ठेवलेला चॉकलेटच्या बिस्किटांचा डबा उघडला. प्रेंडरगास्टांनी जड अंतःकरणाने नोंद केली: बिस्किटे, चॉकलेटची.

“मग, एकंदर कसं काय चाललंय?” त्यांनी नियमानुसार सहज विचारलं.

“भागतंय,” मेव्हिसबाई म्हणाल्या.

प्रेंडरगास्टांनी पेन खाली ठेवलं. सूचक प्रश्न विचारायला बंदी होती, पण त्यांनाही आई होती. ते दाराकडे एकदा बघून हळूच म्हणाले, “भागतंय? म्हणजे नुसतंच भागतंय, की कसं... म्हणजे... कसंबसं...?”

मेव्हिसबाई ताठ झाल्या. “कसंबसं? मिस्टर प्रेंडरगास्ट, आमच्या घरात कसंबसं कधीच कुणाचं चाललं नाही. आणखी एक बिस्किट घ्या.”

आठ दिवसांनी पत्र आलं. आपली परिस्थिती समाधानकारक असल्याबद्दल परिषद आपले हार्दिक अभिनंदन करीत आहे. बॉयलर नामंजूर. निर्णय मान्य नसल्यास अपील समितीपुढे स्वतः उपस्थित राहून दुसरा शब्द वापरावा.

शेजारची शीला सगडन हे पत्र वाचून भडकलीच. शीला तोंडाची फटकळ. तिने मेव्हिसबाईंच्या घरी येऊन त्यांना समोर बसवलं आणि शिकवणी सुरू केली.

“म्हण, मी स्किंट आहे.”

“अगं, चारचौघांत असं कसं म्हणायचं?”

“इथे चारचौघं कुठायत? मी आहे आणि तुझं मांजर आहे. म्हण!”

“मी... जरा...”

“जरा नाही! जरा म्हटलंस की चौथीच पायरी! अगं, तुझं नाक निळं पडलंय, मेव्हिस. रात्री टोपी घालून झोपतेस तू. मेलीस तर काय सांगू मी लोकांना? लाजेने गेली म्हणू?”

मेव्हिसबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “आई म्हणायची, एक वेळ उपाशी झोप, पण गल्लीला कळता कामा नये. स्वयंपाकात काही नसलं तरी ती रिकामं पातेलं खडखडवायची, शेजाऱ्यांना ऐकू जावं म्हणून. आणि मी आता परिषदेत जाऊन सांगू?”

मग शीलाने मेव्हिसबाईंचा हात धरून दुपारभर तो शब्द घोटून घेतला. चार वाजेपर्यंत मेव्हिसबाईंना तो उशीत तोंड खुपसून म्हणता यायला लागला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी, नुसत्या भिंतीकडे बघून, चांगला ऐकू येईल असा. ठरलं तर मग. एक शब्द म्हणायचा आणि बॉयलर घ्यायचा.

अपिलाच्या दिवशी परिषदेच्या बाकावर मेव्हिसबाईंच्या शेजारी सर पेरेग्रिन फेन बसले होते. फेन हॉलचे मालक. बेचाळीस खोल्या, तळं, तळ्यात बेट, बेटावर बदकांसाठी टुमदार घर. अंगात कोपरांना भोकं पडलेला स्वेटर, पायाशी दोन लॅब्राडोर. खरा खानदानी माणूस नवा स्वेटर कधी घेत नाही, त्याला गरज काय? सरांचा पुकारा आधी झाला. दार उघडंच राहिलं होतं, त्यामुळे बाहेर सगळं ऐकू येत होतं.

“काय सांगू तुम्हाला!” सर पेरेग्रिन गरजले. “साफ स्किंट आहे हो मी! अगदी कंगाल! छप्पर गळतंय, धाकट्याच्या शाळेची फी आहे, ही कुत्री मला खाऊन टाकतायत. पूर्वेकडच्या अकरा खोल्यांत तर माणूस गोठून मरेल. दमडी नाही, दमडी!”

समिती गहिवरली. एवढ्या मोकळेपणाने आजवर कुणी बोललं नव्हतं. कागदावर नोंद झाली: उच्चार स्पष्ट, संकोच शून्य, पायरी नववी. पूर्वेकडच्या खोल्यांसाठी दोन मोठे बॉयलर मंजूर. सर बाहेर आले, मेव्हिसबाईंना पाहून टोपी उचलून म्हणाले, “भली माणसं आहेत हो. घाबरू नका, सरळ सांगून टाका.” त्यांच्या मनात काही पाप नव्हतं. ज्याच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे त्याला नाही म्हणायला लाज कसली?

मग मेव्हिसबाई आत गेल्या. समोर तीन खुर्च्या. मधल्या खुर्चीवर अध्यक्ष म्हणून बसला होता तो कधीकाळी त्यांच्याच शाळेतला, कस्टर्ड पुन्हा मागून घेणारा गोलमटोल मुलगा. आता त्याला टक्कल पडलं होतं.

“अरे, मिसेस हार्डकासल!” तो उठूनच उभा राहिला. “काय, कसं काय?”

मेव्हिसबाईंनी तोंड उघडलं. शब्द जिभेच्या टोकावर आला होता, अगदी दातांपर्यंत. पण ज्याला आपण पोटभर वाढलं त्याच्यासमोर आपली रिकामी वाटी पुढे करायची? त्या हसल्या. चांगल्या घवघवीत हसल्या.

“छान चाललंय बघ. काही म्हणजे काही कमी नाही. उगाच तुम्हा मंडळींना त्रास दिला.”

मागे बसलेली शीला उसळली. “खोटं बोलतेय ती! अहो, तिची पार दैना झालीये, कोट घालून झोपते!”

“दुसऱ्याच्या परिस्थितीविषयीचं विधान कलम सातनुसार गावगप्पा धरलं जातं,” कोपऱ्यातून प्रेंडरगास्ट खालमानेने म्हणाले. “आपण स्वतःसाठी अर्ज करू शकता, मिसेस सगडन. आपलं कसं चाललंय?”

शीलाचा बॉयलर नोव्हेंबरपासून बंद होता. हे त्या गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं.

“माझं?” शीला पदर सावरावा तशी शाल सावरत म्हणाली. “माझं काय, झकास चाललंय.”

अपील फेटाळण्यात आलं. उलट, दुसऱ्यांदा विचारल्यावर पहिल्याहून चांगली परिस्थिती सांगितल्यामुळे मेव्हिसबाईंना बढती देऊन तिसऱ्या पायरीवर, ‘खाऊनपिऊन सुखी’ वर्गात घालण्यात आलं. मार्चअखेर परिषदेचा अहवाल छापून आला. क्लॅगथॉर्पच्या गिरणीमागच्या चाळवजा गल्ल्यांतून दारिद्र्याचं समूळ उच्चाटन झालं होतं. तिथे सगळ्यांचं भागत होतं. दारिद्र्य उरलं होतं ते फक्त तळी आणि बागा असलेल्या नऊ मोठ्या वाड्यांत, तेही अत्यंत तीव्र स्वरूपाचं. सल्लागारांना पुरस्कार मिळाला. निधी कमी पडू लागला, म्हणून वरच्या पायऱ्यांवरच्या सुखवस्तू रहिवाशांकडून स्वेच्छा मदत गोळा करावी असं ठरलं.

एका दुपारी दाराची कडी वाजली. मेव्हिसबाईंनी कोट नीट केला आणि दार उघडलं. प्रेंडरगास्ट उभे होते. हातात पत्र्याचा डबा, डब्यावर चिठ्ठी: फेन हॉलच्या गारठलेल्यांसाठी.

“माफ करा, मिसेस हार्डकासल,” ते त्यांच्या नजरेला नजर न देता म्हणाले. “तुमचं नाव यादीत आहे. अजिबात सक्ती नाही. तुम्ही नाही म्हटलंत तर... नुसतं नाही म्हणा ना. मी लिहून घेईन. मला फार बरं वाटेल.”

मेव्हिसबाईंनी पर्स उघडली. आत दोन नोटा होत्या, एक टेनर आणि एक फायव्हर. टेनर आधी पैसे भरून चालणाऱ्या विजेच्या मीटरचा होता. तो भरला तर लहान हीटर शनिवारपर्यंत रोज तासभर चालणार होता. त्यांनी फायव्हर बाहेर काढला. मग प्रेंडरगास्टांकडे पाहिलं, समोरच्या खिडकीतला हललेला पडदा पाहिला आणि फायव्हर परत आत ठेवला. पाचाची नोट काय बरी दिसते का? टेनरची बारीक घडी घालून, मोठेपणा दिसू नये अशा बेताने पण कळेल अशी, त्यांनी तो डब्यात टाकला.

“एवढंच ना? त्यात काय!” त्या म्हणाल्या. “बिचारे सर. अकरा खोल्या म्हणजे गारठा सोसत नसेल हो त्यांना.”

प्रेंडरगास्टांनी पावती फाडली. त्या दिवशी उजेड होता तोवरच, साडेचार वाजता, मेव्हिसबाई गरम पाण्याची पिशवी आणि मांजर घेऊन अंथरुणात शिरल्या. शीलाने भिंतीवर थाप मारून विचारलं, तर आतून आवाज आला, “लवकर पडलं की तब्येत ठणठणीत राहते गं!”

हसलात ना? हसा की. वेडी म्हातारी, एक शब्द म्हणायला काय जात होतं तिचं, आणि इंग्रज लोकांचे चोचलेच विचित्र! मी त्या गावात बावीस वर्षं राहिलो, मीही हसायचो. पण मला एवढंच सांगा, गेल्या लग्नसराईत, महिनाअखेर असताना, आहेराच्या पाकिटात एकशे एक घालायचे असं घरून ठरवून निघाला होतात. मांडवात शेजारच्याने पाचशे एक लिहिलेले दिसल्यावर, खिशातले उरलेसुरले सगळे त्यात घालून पाकीट कुणी चिकटवलं? आणि मग रिक्षापुरतेही न उरल्यामुळे साडेतीन मैल चालत घरी येताना, “जेवण जरा अंगावर आलंय, तेवढीच शतपावली होईल,” असं बायकोला कोण म्हणालं?