सोनीपतच्या पुढे

दर रविवारी सकाळी आमच्या जिन्यावरून एक पत्र्याचा डबा गडगडत खाली येतो. चौथ्या मजल्यावरून सुटतो, तिसऱ्याच्या वळणावर भिंतीला धडकतो आणि दुसऱ्यावर आमच्या दाराशी येऊन आडवा होतो. इमारतीत नवीन आलेले लोक घाबरून बाहेर धावतात. आम्ही जुनी मंडळी चहाचा घोट घेतो आणि म्हणतो, "वैशालीचं झालं वाटतं."

मागोमाग वैशाली येते. हाताला मैदा, केसांना मैदा. जिन्यातच फतकल मारून ती डबा उघडते. आत लेकीच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेली नानकटाई असते. ती एकेक वर काढून उजेडात बघते आणि मग मला हाक येते, "भाऊ, प्लेट आणा. आज जखमी बरेच आहेत."

या जखमींवर आमची अख्खी इमारत पोसली जाते.

वैशाली रामटेके मूळची भंडाऱ्याची. नवरा सैन्यात, सध्या लडाखमधल्या कुठल्याशा चौकीवर. दिल्लीतल्या मयूर विहारच्या या फ्लॅटमध्ये ती, तिच्या सासूबाई आणि आठ वर्षांची लेक सान्वी. सुट्टी संपवून परत निघालेला युनिटचा एखादा माणूस दिल्लीवरून जाणार असला, की त्याच्या हाती डबा धाडायचा, अशी या लोकांची रीत. पुढे रेल्वे, ट्रक आणि शेवटी खेचर. एवढं सगळं त्या नानकटाईला सोसायचं असतं, म्हणून आधी जिन्याची परीक्षा.

त्यामुळे जगातल्या सगळ्या खाण्याचे वैशालीच्या लेखी दोनच प्रकार आहेत, पोचणारं आणि न पोचणारं. आमच्या नातवाच्या वाढदिवसाला तीनमजली केक आणला होता. सगळे वाहवा करत होते. वैशालीने त्याला बोटाने हलकेच टोचून पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे हो, पण सोनीपतच्या पुढे जायचा नाही." सोनीपत म्हणजे दिल्ली सोडल्यावर तासाभरात येणारं स्टेशन. हा निकष ती माणसांनाही लावते. माझ्या भाचीला बघायला आलेला मुलगा जिन्यात तिला नुसता दिसला होता. "बिल्कुल नको, भाऊ. सोनीपतलाच भुगा होईल याचा." आम्ही ऐकलं नाही. लग्न वर्षभरात मोडलं, आणि दुर्दैवाने तिचंच खरं निघालं.

मध्यंतरी न फुटणारं काहीतरी करायचं तिच्या डोक्यात बसलं होतं. ज्वारीची बिस्किटं केली. ती जिन्यावरून आली, एकही फुटलं नाही. फुटली ती माझी दाढ.

एकदा तर कहर झाला. नवी दिल्ली स्टेशनवर डबा द्यायला गेली. युनिटच्या माणसाची खूण काय, तर बारीक केस आणि काळी ट्रंक. त्या फलाटावर बारीक केस आणि काळी ट्रंक नसलेला माणूस शोधावा लागतो. हिने भलत्याच जवानाच्या हातात डबा कोंबला. त्यालाही वाटलं, घरच्यांनीच कुणाहाती पाठवलाय. तो बिचारा आसामला चालला होता. डब्यावर हिचा नंबर होता, म्हणून नंतर त्याचा फोन आला. माफी मागत होता. हिने विचारलं काय, तर "टूटे तो नहीं थे?"

"नहीं भाभीजी, एक भी नहीं."

आठवडाभर ती नुसती तरंगत होती.

घर मात्र ती लष्करी शिस्तीत चालवते. ओव्हन आणि गीझर एकदम चालले की घरातली वीज जाते, म्हणून रविवारी सासूबाईंची आंघोळ उजाडायच्या आत. लोणी घोटता घोटता सान्वीचे पाढे. प्लंबर तीनदा टोलवतो म्हटल्यावर स्वतःच पाना घेऊन नळाशी भिडली. ओव्हनला मात्र तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. सासूबाईंनी एकदा आच कमी केली होती, त्याचा उल्लेख अजून होतो.

उन्हाळ्यात रामटेके सुट्टीवर आले, तेव्हा गच्चीत मला हळूच म्हणाले, "भाऊ, सगळा चुरा होतो. आम्ही चमच्यानं खातो. पण तिला सांगू नका. मी फोनवर 'एकही नाही फुटली' म्हणतो." मी शब्द दिला आणि पाळला. मला त्या दोघांचं फार कौतुक वाटायचं.

परवाच्या रविवारी डबा आला नाही. दार उघडून पाहिलं, तर वैशाली जिन्याच्या वळणावर बसलेली. आमच्याकडे फोनला रेंज तिथेच मिळते. मांडीवर फोन, चेहरा पांढराफटक.

"काय झालं गं?"

"यांचा फोन होता. मधेच कटला. म्हणाले, सगळ्या फुटल्या."

मला हायसं वाटलं. म्हटलं, "एवढंच ना! अगं, लांबचा रस्ता. होतं एखादवेळी. दुसरा डबा पाठवू."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"त्या दरवेळीच फुटतात, भाऊ. मला काय कळत नाही? माझ्या हातचं आहे ते. पण हे 'एकही नाही' म्हणतात ना, ते कसं म्हणतात यावरून मला समजतं. हसत म्हणाले की ठीक आहेत. घाईत म्हणाले की थकलेत. तिथलं काही सांगता येत नाही त्यांना, आणि मलाही विचारता येत नाही." तिने फोन घट्ट धरला. "आज खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. तिथे काहीतरी झालंय."

मी तिच्या शेजारी पायरीवर टेकलो. ती परत परत नंबर लावत होती. लागत नव्हता.

शेवटी त्यांचाच आला.

वैशालीने नानकटाईचं नावही काढलं नाही. "मी आहे," म्हणाली. मग बराच वेळ ऐकत राहिली. पलीकडून बोलणं येत नव्हतं, नुसता श्वास येत असावा. "नका सांगू," ती म्हणाली. "काही नका सांगू. नुसते थांबा फोनवर. मी कुठे जात नाही."

वरून करपल्याचा वास यायला लागला. जिना त्या वासाने भरला तरी तिने मान वर केली नाही. मीच उठलो आणि वर गेलो.

दार उघडंच होतं. घरात धूर. सासूबाई गुडघे धरून सोफ्यावर बसल्या होत्या.

"वैशालीले आवाज द्या ना, भाऊ! पूर्ण जळून राह्यलं!"

मी ओव्हनचं बटण बंद केलं आणि म्हटलं, "खाली फोनवर आहे ती. तुमच्या मुलाचा आहे."

त्यांनी एकदा माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग सोफ्याचा हात धरून उठल्या आणि एकेक खिडकी उघडायला लागल्या.

"मंग नका देऊ आवाज," त्या म्हणाल्या.