आंबेकर सरांच्या तारा

आंबेकर सर वाक्याच्या मधूनच उठून जात आणि चार दिवसांनी भेटले की त्याच वाक्याचा पुढचा शब्द बोलत.

सोमवारी स्टाफरूममध्ये त्यांनी मला विचारलं, "साळवे, भावाचं लग्न जमलं म्हणता. मुलगी..." तेवढ्यात घंटा झाली आणि सर तासाला गेले. गुरुवारी जालन्याच्या एसटी स्टँडवर, भर गर्दीत, मागून खांद्यावर हात पडला.

"...कुठली?"

मी दचकलोच. "परतूरची," म्हणालो.

"बराबर," म्हणून सर चालू लागले.

ही सवय एकदा अंगाशी आली. आमच्या शिपायाचे वडील वारले तेव्हा सर भेटायला गेले, "म्हातारा तसा..." एवढं म्हणाले आणि काहीतरी सुचलं म्हणून उठले. पुढच्या महिन्यात त्याच शिपायाच्या पुतणीच्या लग्नात, अक्षता पडत असताना, सर त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "...वेळेत गेला म्हणायचं." शिपाई वर्षभर त्यांना पाणी देत नव्हता.

सर आमच्या कॉलेजात गणित शिकवत. त्याआधी चार वर्षं त्यांनी मुंबईला एका संस्थेत कॉम्प्युटरवर काम केलेलं. मी एम.एस्सी. झालेलो, आमच्या घराण्यातला पहिलाच, पण कॉम्प्युटर मीही फक्त फोटोत पाहिला होता. ते सांगायला मला लाज नाही. उलट कापसाच्या जिनिंगमध्ये गठाणी उचलणाऱ्या बापाच्या पोराला तो कळला, तो आंबेकर सरांमुळे.

घरात ते एकटेच. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, नऊ वर्षांपूर्वी घनसावंगीला माहेरी गेल्या, त्या परत आल्या नव्हत्या. लोक नाही नाही ते बोलत. सरांना कुणी विचारलंच तर म्हणत, "येणार हाय ती." बस लेट झाल्यासारखं म्हणत.

सरांच्या भिंतीवर सायकलचे जुने स्पोक टांगलेले असत. टोक वर वाकवलेलं, दुकानदार पावत्या खोचतो तसं. प्रत्येक स्पोकवर चिठ्ठ्या.

"हे काय हो सर, पंक्चरचं दुकान काढलं का?"

"धागे हायेत, साळवे. कामकरी एक, कामं हजार. एका कामात अडलं की कुठं थांबलो, हातात काय होतं, ते चिठ्ठीवर लिहायचं, तारेत खोचायचं आन् दुसरं काम घ्यायचं. परत आलो की वरची चिठ्ठी आधी काढायची."

मशीनला असं वागायला शिकवणारी एक भाषा ते वहीत रचत होते. प्रत्येक धाग्याला, म्हणजे एकेका कामाला, आधी आखूड तार. "सगळ्यांना लांब तार दिली तर भिंत पुरंल का?" तार भरली की सगळ्या चिठ्ठ्या होत्या त्या क्रमानं लांब तारेवर न्यायच्या, आणि एखादीवर 'अमक्या तारेवरची तिसरी चिठ्ठी बघ' असं लिहिलेलं असेल तर तो पत्ता दुरुस्त करायचा. पत्ता चुकला की काम भलत्याच घरात शिरतं. काम संपलं की रिकामी तार डब्यात, दुसऱ्या धाग्यासाठी. आणि जो धागा कुणाच्या निरोपाची वाट पाहतोय, त्याला मशीन विचारतच नाही. निरोप आला की तो आपसूक रांगेत येतो.

"आन् निरोप आलाच न्हाई तर?" मी विचारलं.

"पाठवणारा पाठवतो की." सरांना हा प्रश्नच पोरकट वाटला.

शेवटी वही पुरी झाली. मुंबईच्या एका जुन्या मित्रानं तिच्यावरून मशीनला वाचता येणारी भोकांची कार्डं पाडून ती मशीनवर चालवली आणि पत्र पाठवलं: चूक कुठलीच दाखवत नाही, पण मशीन काहीच करत नाही. नुसतं बसून आहे.

सर तीन दिवस चिठ्ठ्या हलवत बसले. चौथ्या दिवशी रविवार होता. मी गेलो तर ते भिंतीकडं बघत उभे.

"सापडलं. हा धागा त्याच्या निरोपासाठी थांबला. आन् तो ह्याच्या. मशीन धडधाकट, दोघंबी धडधाकट. नुसते वाट पाहून राह्यलेत."

मला गोड बोलता येत नाही. म्हणालो, "सर, वहिनी जाताना काय म्हणल्या होत्या?"

"काय म्हणंल? 'येते' म्हणली."

"सर, आपल्याकडं मयताला निघालेला माणूसबी 'येतो'च म्हणतो. 'जाते' कोण म्हणतं? माहेरी गेलेल्या बाईला न्यायला जावं लागतं. तुम्ही गेल्ता का कधी?"

सर खाली बसले. म्हणाले, "ती 'येते' म्हणली होती, साळवे."

अंबडमार्गे घनसावंगीची बस धरून आम्ही त्याच दुपारी गेलो. वहिनी ओसरीत तूर निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं, पदर सारखा केला, आणि सूप बाजूला ठेवलं.

"लई जल्दी आले," त्या म्हणाल्या.

सर चप्पल न काढता उभे. "न्यायला आलो," म्हणाले. वाक्य या वेळी एका दमात पुरं झालं होतं.

"तीन वर्षं रोज दुपारच्या बसला कान लावून बसायची मी. भाऊ म्हणायचा, मी सोडून येतो. म्हणलं, न्हाई, न्यायला येतीन ते. आपणहून गेली तर लोक म्हणतीन, टाकलेली होती, परत आली." त्या थांबल्या. "मंग भावजय वारली. तिच्या दोन पोरी माझ्याजवळ झोपतात. आता कशी येऊ, तुमीच सांगा."

सरांनी चप्पल काढली. भाकरी, वरण, मिरचीचा ठेचा वाढला, आम्ही जेवलो. वहिनी दाराशी उभ्या राहून, पाहुण्याला करावा तसा आग्रह करत होत्या. धाकट्या पोरीनं सरांकडं बोट दाखवून विचारलं, "आत्या, हे कोण?" वहिनी म्हणाल्या, "जालन्याचे सर हायेत."

परतीच्या बसमध्ये सर खिडकीशी बसले. दोन्ही बाजूंनी ऊस. अंबड जवळ आलं तेव्हा ते माझ्याकडं वळले.

"साळवे, तिचे केस कधी पांढरे झाले हो?"