बटणमामांची शोकसभा

"हसणार नाहीत ना गं कोणी?" मामींनी विचारलं.

"शोकसभेत कोण हसेल, मामी?"

"निरोपसमारंभात हसलेच की सगळे. पोट धरधरून. ह्यांना वाटलं, आपण लोकप्रिय आहोत."

महापालिकेच्या ऊर्जाबचत कक्षात मामी खुर्चीच्या कडेला टेकल्या होत्या. समोरचा चहा गार होऊन त्यावर साय धरली होती. त्यांचे यजमान, म्हणजे महापालिकेचे निवृत्त विद्युत अधीक्षक, नुकतेच वारले होते. आज दुपारी महापालिकेच्या सभागृहात त्यांची शोकसभा होती.

"भाषणांचं मला काही नाही," पर्सची चेन उघडत-लावत मामी म्हणाल्या. "भाषणं खोटीच असतात. पण शेवटी मौन पाळतात ना, तेवढं नीट होऊ दे. दोन मिनिटं सगळे ह्यांच्यासाठी गप्प उभे राहिले, कोणी फिदीफिदी केलं नाही, की मी सुटले."

"माझ्यावर सोडा," कक्षाच्या प्रमुख ऊर्जाबाई म्हणाल्या. हे वाक्य त्या सहसा वापरत नसत. पुरावा हाती नसताना आश्वासन द्यायची त्यांना सवय नव्हती.

ऊर्जाबाई हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. तसंच, गेलेल्या अधीक्षकांना सगळी महापालिका बटणमामा म्हणे. नोकरीत होते तोवर मामा रोज सगळ्या मजल्यांवरून दिवे बंद करत फिरले. रिकाम्या खोलीतला दिवा ते बंद करीत, हे समजण्यासारखं होतं. पण खोलीत माणूस असला आणि तो उजेडाचा पुरेसा उपयोग करत नाही असं मामांना वाटलं, तरीही ते दिवा बंद करीत. दाराकडून सुरुवात करायची आणि एकेक रांग विझवत मागे जायचं, ही त्यांची पद्धत. एकदा स्वच्छतागृहात असलेल्या उपायुक्तांना अंधारातून "मामा, मी आहे!" असं ओरडावं लागलं होतं. तेव्हापासून दिवा कुठंही गेला, अगदी वीजपुरवठा खंडित झाला, तरी महापालिकेत कोणी ना कोणी "मामा, मी आहे!" म्हणे आणि सगळे हसत. मामाही हसत आणि पुढच्या खोलीत जात.

ऊर्जाबाई त्यांच्या हाताखाली नोकरीला लागल्या होत्या. मामांचं काम एका माणसाच्या दोन पायांनी होण्यासारखं नाही, एवढं त्यांना तेव्हाच कळलं होतं. मामांनंतर त्यांनी ते यंत्रांकडे सोपवलं. सभागृह हा त्यातला पहिला प्रयोग. ऊन आत येऊन गारवा वाया जाऊ नये म्हणून त्यांनी खिडक्या पक्क्या बंद करून घेतल्या. छताला मंचावर एक आणि प्रत्येक रांगेवर एक सेन्सर बसवला. खाली माणूस हलला की दिवा लागायचा, हालचाल थांबली की थोड्या वेळाने विझायचा. हा थोडा वेळ सुरुवातीला दहा मिनिटं होता. बचतीचा आकडा नजरेत भरावा म्हणून बाईंनी तो कमी करत करत एका मिनिटावर आणला होता. प्रयोग पसंत पडला, तर आयुक्त तो सगळ्या इमारतींत राबवणार होते. तेही आज येणार होते.

सभा वेळेवर सुरू झाली. मामी पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या. मंचावर मामांचा फोटो होता. त्यातही ते किंचित वर, दिव्याकडे बघत होते. जनसंपर्क अधिकारी सूत्रसंचालन करत होते. हातवारे करत बोलायची त्यांना हौस होती, त्यामुळे मंच उजळलेला राहिला. मग लेखाप्रमुख उठले. त्यांनी भाषण लिहून आणलं होतं. कागदात डोकं खुपसून त्यांनी ते वाचायला घेतलं, तेव्हा हळूहळू त्यांचे फक्त ओठ हलू लागले आणि सभागृहात कोणाचं काहीच हलेनासं झालं.

मंचावरचा दिवा गेला.

लेखाप्रमुखांनी दचकून मान वर केली आणि दिवा आला. लोकांना वाटलं, वीज नेहमीसारखी खाली-वर होतेय. ऊर्जाबाईंनी मात्र छताकडे पाहिलं. सेन्सरला उष्ण शरीराची हालचाल कळते. स्वस्थ उभ्या माणसाचं त्याला सोयरसुतक नसतं. आणि मौन दोन मिनिटांचं होतं. दोनातून एक वजा करायला विज्ञानाची पदवी लागत नाही. आज दुपारी, खिडक्या बंद असलेल्या सभागृहात, मामांच्या फोटोसमोर दिवे जाणार. मग कोणीतरी ते वाक्य म्हणणार आणि सगळे हसणार.

मौन एका मिनिटाचं करा, अशी चिठ्ठी मंचावर पाठवता आली असती. पण मामींनी दोन मिनिटं मागितली होती. त्यात काटकसर करायचा अधिकार आपल्याला नाही, असं बाईंना वाटलं. त्या मागच्या दाराशी उभ्या असलेल्या रखवालदाराकडे गेल्या.

"दिवे चालू ठेवायचेत. बटण कुठंय?"

"बटण?" रखवालदाराने त्यांच्याकडे आदराने पाहिलं. "बटणं तुम्हीच काढून नेलीत की, बाई. माणसाच्या हाती बटण दिलं की तो ते चालूच ठेवतो, म्हणालात."

"मग मुख्य पेटी?"

"त्यातनं नुसतं बंद करता येतं. माईकपण जाईल."

"सेन्सरची वेळ बदलू या. शिडी आहे?"

"आहे ना. आयुक्तसाहेबांच्या खुर्चीमागं ठेवलीय. आणू?"

शिडी मंचावरून निघून पाहुण्यांच्या डोक्यांवरून प्रवास करते आहे, हे चित्र बाईंनी क्षणभर डोळ्यांपुढे आणलं.

"नको. असं कर. मौन सुरू झालं की मधल्या वाटेत उभा राहा आणि पुढं-मागं जात हात हलव. अगदी हळू."

"मौनात?"

"हो."

"साहेबांसमोर? गेलेल्या माणसाच्या फोटोकडं बघून?" रखवालदार दोन पावलं मागे सरकला. "बाई, लोकांना वाटेल मी टाटा करतोय. मामांनी नुसते दिवे बंद केले, तर त्यांना आयुष्यभर बटणमामा म्हणाले. मला काय म्हणतील?"

त्याचं म्हणणं बिनतोड होतं. आपणच जायचं असं ठरवून बाईंनी मधल्या वाटेकडे पाऊल टाकलं, तेवढ्यात जनसंपर्क अधिकाऱ्यांचा आवाज खर्जात गेला. "आता आपण सर्वांनी दोन मिनिटं उभं राहून..."

सगळे उठले. मागे सरकलेल्या खुर्च्यांनी वाट अडवली आणि ऊर्जाबाई शेवटच्या रांगेपाशी अडकल्या.

शिस्त पुढून मागे कमी होत जाते. त्यामुळे मंचावरचे लोक आधी स्तब्ध झाले, मग पहिली रांग, मग दुसरी. मागच्यांची खुर्च्या सावरत चुळबुळ चालू होती. दिवेही त्याच क्रमाने गेले. आधी मंचावरचा गेला आणि मामांचा फोटो दिसेनासा झाला. मग पहिल्या रांगेवरचा, मग तिच्या मागचा. एकेक रांग, सावकाश, कोणतीही घाई न करता.

सभागृहातल्या एकूण एक माणसाने ही पद्धत ओळखली. कोणी हसलं नाही. उलट लोक आणखी ताठ झाले, आणि जे थोडंफार हलत होते त्यांनीही श्वास रोखला.

आता एकच दिवा जळत होता, शेवटच्या रांगेवरचा. त्याच्याखाली ऊर्जाबाई एकट्या डोक्यावर रुमाल फडकवत होत्या. शेजारचे सगळे समोर बघत होते, पण त्यांच्या नजरेच्या कोपऱ्यात आपण आहोत हे बाईंना जाणवत होतं. सबंध इमारतीत, काही उपयोग नसताना चालू राहिलेला एकमेव दिवा आपल्यामुळे चालू आहे, हेही त्यांना जाणवलं. मामा असते तर आता इकडेच आले असते.

बाईंनी रुमाल खाली घेतला. थोड्या वेळाने तोही दिवा गेला.

आता नवीनच पेच पडला. मौन संपल्याचं सांगायचं काम जनसंपर्क अधिकाऱ्यांचं होतं आणि अंधारात त्यांना घड्याळ दिसत नव्हतं. हात हलवला असता तर उजेड पडला असता. पण जो हलेल त्याच्याच डोक्यावर दिवा लागणार, हे एव्हाना सगळ्यांना कळून चुकलं होतं. आयुक्तांच्या देखत मौन मोडणारा पहिला माणूस म्हणून उजळून निघायची कोणाची तयारी नव्हती. आयुक्तांचीही नव्हती. दोन मिनिटं केव्हाच उलटून गेली असावीत. कोणाच्या तरी घशात खोकला आला होता, तो त्याने गिळला. महापालिकेच्या इतिहासात इतकी शांतता कोणाच्याही वाट्याला आली नव्हती.

मग दुसऱ्या रांगेतून एक म्हातारा, घोगरा आवाज आला.

"मामा, मी आहे."

तो निवृत्त उपायुक्तांचा होता.

ऊर्जाबाईंनी डोळे मिटून घेतले. अंधारात त्याने फारसा फरक पडला नाही. मग कोणीतरी फिस्सकन हसलं. ते थांबवायचा प्रयत्न केल्यासारखं पुन्हा हसलं, आणि पहिल्या रांगेवरचा दिवा लागला.

उजेडात मामी उभ्या होत्या. पदर तोंडाला लावला होता आणि खांदे गदगदत होते.

"अस्सेच करायचे हो!" त्या वळून म्हणाल्या. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. "घरीसुद्धा! घास तोंडात असायचा माझ्या!"

मग मात्र रांगांमागून रांगा उजळत गेल्या.

सभा संपल्यावर आयुक्त मुद्दाम मागे आले. "श्रद्धांजलीची ही कल्पना मला सुचली नसती," ते गंभीरपणे म्हणाले. "दिवे पुढून मागे नेलेत, ते फार छान. सगळ्या इमारतींत बसवा."

"सर, खरं सांगायचं तर ती माझी चू..." बाईंनी सुरुवात केली, पण शेजारून मामींनी त्यांचा हात इतक्या जोरात दाबला की वाक्य तिथेच राहिलं.

आयुक्त गेले. मामींनी नाक पुसलं. "किती वेळ उभे होते गं सगळे?"

"नक्की नाही सांगता येणार, मामी. पण दोन मिनिटांपेक्षा बराच."

"आणि पहिलं हसलं कोण, तर मी." मामींनी पर्सची चेन लावली आणि या वेळी लावलेलीच ठेवली. "ऐक, ते यंत्र एक माझ्याकडे बसवून देशील? पुढच्या खोलीत. हे गेल्यापासून दिवे दिवसभर चालूच राहतात. लक्षातच येत नाही."

"देईन की. पण मामी, तुम्ही एकट्या. वाचत स्वस्थ बसलात, की दिवा जाईल."

"जाऊ दे."

"दर वेळी हात हलवावा लागेल."

"हलवीन," मामी म्हणाल्या. "आणि ओरडेनपण. अहो, मी आहे अजून!"