माशाच्या ग्रंथीचा कायमचा पत्ता

ज्या वस्तूला ठरलेली जागा नाही ती वस्तूच नाही, या तत्त्वावर जगातली सगळी कार्यालयं उभी आहेत. मासे पाण्यात राहत असल्यामुळे हे परिपत्रक त्यांच्यापर्यंत कोरडं पोहोचलं नसावं.

प्राणिशास्त्र विभागातले कापकाका एकोणतीस वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे काप काढत होते. मेणात बसवलेल्या अवयवाचा काप ते इतका पातळ काढत, की तो दिसायला चष्मा लागे. (चष्मा सापडायला काकू लागत.) त्या वर्षी तपासणी समितीचा नवा तक्ता आला: 'माशाची थायरॉइड ग्रंथी. नग एक. आकार गोल. जागा लिहावी.'

माणसाची ही ग्रंथी गळ्यात शहाण्यासारखी एका जागी बसते. बहुतेक माशांत मात्र तिचे बारीक फुगे कल्ल्यांखालच्या रक्तवाहिनीच्या कडेने विखुरलेले असतात. काही तर भटकत मूत्रपिंडापर्यंत जातात. काकांनी इमानदारीत लिहिलं, 'जागा: इकडेतिकडे.'

अध्यक्षांनी बोलावून घेतलं.

"इकडेतिकडे म्हणजे? कामावर नसते?"

"असते साहेब. पण एका खुर्चीवर नसते."

"मग हजेरी कुठे लावते?"

यावर विज्ञान आजवर गप्प आहे. समितीने ग्रंथीला एकत्र येण्यासाठी सात दिवसांची मुदत दिली. (मासा मृत असल्याची सबब ग्राह्य धरली नाही.) न आल्यास काप काढायचं यंत्र मोडीत आणि काकांची बदली जावक विभागात, पाकिटं चिकटवायला.

काकांनी सहा दिवसांत चौदा मासे धुंडाळले. फुगे सापडले तीनशे बारा. एकत्र यायला राजी, शून्य. सातव्या दिवशी सकाळी काकूंनी चहा-पाव पुढे ठेवला.

"अहो, तोंड एवढंसं का झालंय?"

"गोल ग्रंथी हवीय त्यांना. आत गोल गोल पोकळ्या. कुठून आणू?"

काकूंनी पाव मोडून उजेडात धरला. "हे काय मग? भोकंच बघायचीत ना? बघू द्या की!"

काकांची सदसद्विवेकबुद्धी चहा संपेपर्यंत टिकली. (चहा अर्धा कपच होता.) पाव मेणात बसला, कापला गेला, गुलाबी रंगला. समितीने आळीपाळीने डोळा लावला. अध्यक्षांनी तर दोन्ही डोळे मिटून पाहिलं आणि म्हणाले, "बघा, तंबी दिली की ग्रंथीसुद्धा सुधारते!" शेरा पडला: 'ग्रंथी एकत्र, सुस्थितीत व ताजी.' यंत्र वाचलं, काका वाचले.

त्या कापावरून काढलेली आकृती पुढे पाठ्यपुस्तकात गेली. परीक्षेत तुम्ही हीच काढली होती. पाचपैकी चार मिळाले, आठवतं? एक गुण गेला, तो कडेचा तपकिरी पापुद्रा दाखवायला विसरलात म्हणून.