एकशे सदुसष्ट क्रमांकाची टिकवणूक

माणूस सुधारला की बिघडला हा प्रश्न नंतरचा. आधी तो सापडला पाहिजे. या तत्त्वावर किशोरवयीनांची आरोग्य-वर्तन पाहणी उभी आहे. जोखमीत वाढणारी तीनशे मुलं-मुली निवडायची, दर सहा महिन्यांनी त्यांना एकशे चौदा प्रश्न विचारायचे (सिगारेट, दारू, झोप, मारामारी आणि ‘गेल्या आठवड्यात पालेभाजी किती वेळा खाल्ली?’), आणि हे दहा वर्षं करत राहायचं. विचारण्यापलीकडे काही करायचं नाही. मदत केली की मूल बदलतं, आणि त्याचा दोष आकड्यांवर येतो.

खरी अडचण मुलांच्या सवयींची नव्हती, मुलांच्या पायांची होती. ती निघून जात. संख्या दोनशे सत्तरच्या खाली गेली की पाहणी बाद, असं आकडेवाल्या साहेबांनी बजावलं होतं. म्हणून टिकवणूक विभाग निघाला. विभागात एक टेबल, एक पंखा आणि एक बाई होत्या. त्यांना सगळे ताई म्हणत. पाठ फिरली की पोरं ‘गोचीड’ म्हणत. ताईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

ताई तीनशे वाढदिवसांची कार्डं हाताने लिहीत. (सदतीस मुलांना वर्षात तेवढंच एक कार्ड येतं, हे प्रश्न क्रमांक एक्याण्णवमुळे उघड झालं. निष्कर्ष: कार्डाचा कागद जाड असावा.) पण विभागाचं मुख्य हत्यार म्हणजे संपर्क-पत्रक. ‘तुम्ही कुठेही गेलात तरी तुमचा ठावठिकाणा ज्यांना नक्की माहीत असेल अशा पाच व्यक्ती.’ पाच ओळी. निदान एक भरलेली हवीच, नाहीतर नाव कमी.

क्रमांक एकशे सदुसष्टने चौदाव्या वर्षी पाचही ओळी झोकात भरल्या होत्या: आई, मामा, वर्गशिक्षिका, मैत्रीण, खालच्या मजल्यावरची काकू. मग दर फेरीला एकेक नाव खोडलं गेलं. आईने दुसरा संसार मांडला, मामाने फोन बदलला, शाळा सुटली, मैत्रिणीशी फाटलं, आणि काकूंनी ‘आमचा काही संबंध नाही’ असं न विचारताच कळवलं. सोळाव्या वर्षी पोरगी एका लॉन्ड्रीच्या माळ्यावर राहत होती, दिवसभर चादरींना इस्त्री करत होती आणि आठ सिगारेटी ओढत होती. (मागच्या फेरीत अकरा. ताईंना आनंद झाला. त्यासाठी रकाना नव्हता.)

तिने इस्त्रीच्या टेबलावर पत्रक ठेवलं आणि पहिल्या ओळीत ताईंचं नाव लिहिलं.

“अगं, मी नाही चालत. मी ऑफिसची.”

“मग दर वेळी मला शोधता कशा?”

“तू दिलेल्या नावांना विचारून.”

“त्यांतल्या कुणी सांगितलं कधी?”

ताईंनी आठवून पाहिलं. दर वेळी त्या स्वतःच गल्लोगल्ली हिंडल्या होत्या, दुकानांच्या दारात उभ्या राहिल्या होत्या. “कुणीच नाही गं,” त्या म्हणाल्या.

पाहणीत त्या दिवशी नेमके दोनशे सत्तर शिल्लक होते.

“एखादा काका टाका की,” प्रमुख साहेब म्हणाले. ताईंनी आपल्या नवऱ्याचं नाव टाकलं. नावं पडताळणाऱ्या तपासणी कक्षाने नवऱ्याला फोन केला: ही मुलगी सध्या कुठे आहे? “मला माझी बायको कुठे आहे ते माहीत नसतं,” यजमान खरं ते बोलले. ओळ बाद झाली.

“सोमवारपर्यंत बघा,” साहेब म्हणाले. “आणि नाव कमी झालं की तिच्याकडे जायचं नाही हं. नियमात बसत नाही.”

ताईंनी रविवारभर नियमपुस्तिका वाचली. कर्मचारी संपर्क-व्यक्ती होऊ शकत नाही, असं तीन ठिकाणी होतं. माजी कर्मचाऱ्याबद्दल पुस्तिका गप्प होती. सोमवारी साडेदहाला ताईंचा राजीनामा पोचला, पावणेअकराला पत्रक. बाराला तपासणी कक्षाचा फोन आला: मुलगी कुठे आहे?

“माझ्यासमोर. चादरीचं दुसरं टोक धरून उभी आहे. आज सिगारेटी तीनच झाल्यात.”

वार्षिक अहवालात नोंद आहे: ‘सहभागी गळती मर्यादेत. कर्मचारी गळती: एक (कारण वैयक्तिक).’ प्रमुख साहेबांचा सत्कार झाला.

पाहणी आता प्रौढांपर्यंत वाढवायची आहे. जोखमीचे प्रौढ ओळखायचे कसे यावर बराच खल झाला आणि शेवटी तेच पत्रक वापरायचं ठरलं. वाचकांनीही ते भरावं. आत्ता तुम्ही कुठे आहात हे ज्यांना ठाऊक असेल, त्यांचीच नावं लिहावीत. फोन करून खात्री करू नये. विचारावं लागलं तर ओळ बाद. एकही ओळ भरता आली नाही तरी काळजी नसावी. तुमची निवड झालेली आहे. तुम्हाला शोधायला पाठवायचं कुणाला, एवढंच अजून ठरलेलं नाही.